डोंगरमाथ्यावरील देवालये आणि दोन दिवसांची पदयात्रा

महाराष्ट्रातील देवस्थाने जशी नदीकाठी वसली आहेत, तशीच ती डोंगरमाथ्यावरही वसली आहेत. सप्तशृंगी, ब्रह्मगिरी, भीमाशंकर, जेजुरी, मांढरदेव ही नावे घराघरांत परिचित आहेत. यांपैकी अनेक ठिकाणी आता मोटाररस्ते व बांधीव पायऱ्या झाल्या आहेत. तथापि सह्याद्रीच्या मुख्य रांगेत अशीही काही देवालये आहेत की, तेथे आजही पायी चढून गेल्यावाचून दर्शन घडत नाही. नोकरदार मंडळी, भजनी मंडळे, महाविद्यालयीन तरुण व गृहनिर्माण संस्थांतील कुटुंबे शनिवार-रविवारची सुटी साधून अशा ठिकाणी समुदायाने जाऊ लागली आहेत. राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, तेव्हापासून शासकीय कर्मचाऱ्यांनाही ही सोय उपलब्ध झाली आहे.

अशा यात्रेत श्रद्धा असते, निसर्गाची ओढ असते आणि सहवासाचा आनंदही असतो. परंतु वीस-तीस माणसांनी एकत्र निघणे आणि वीस-तीस माणसांचा एक जथा असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. डोंगरावर होणारे बरेच अपघात कड्यांच्या अवघडपणापेक्षा जथा विस्कळीत झाल्यामुळे, थकलेला माणूस मागे पडल्यामुळे किंवा त्याने आपली अडचण वेळीच न सांगितल्यामुळे घडतात. या दृष्टीने यात्रेची आखणी कशी करावी, याचा विचार अकोले तालुक्यातील तीन देवालयांच्या उदाहरणाने येथे केला आहे.

प्रदेश व त्याची घडण

अकोले हा अहिल्यानगर जिल्ह्याचा पश्चिमेकडील डोंगराळ तालुका होय. त्याच्या वायव्य सीमेवर कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर असून त्याची उंची १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट आहे. तालुक्याच्या नैऋत्य कोपऱ्यात हरिश्चंद्रगड उभा आहे. या दोहोंच्या दरम्यान रतनगडाच्या परिसरात प्रवरा नदी उगम पावते. पुढे हीच प्रवरा नेवाशावरून वाहत जाऊन गोदावरीस मिळते. ज्ञानेश्वरी ज्या नेवाशात सांगितली गेली, त्या गावच्या नदीचा उगम या डोंगरांत आहे, ही गोष्ट यात्रेकरूंनी ध्यानी घेण्याजोगी आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरून दख्खनचे पठार व सह्याद्रीचा हा भाग घडला. कठीण थर उभ्या कड्यांच्या रूपाने टिकून राहतात, तर मऊ थर झिजून त्यांच्या पायथ्याशी माच्या व पट्ट्या तयार होतात. म्हणून सह्याद्रीतील वाट एकसारखी चढत नाही. ती बराच काळ माचीवरून सुखाने जाते आणि मग एकाएकी कड्याच्या तुटलेल्या भागातून खडी चढते. थकवा माचीवर जाणवत नाही आणि धोका मात्र या खड्या टप्प्यांवर असतो. कळसूबाईच्या वाटेवर लोखंडी शिड्या व कठडे याच टप्प्यांवर बसविलेले आहेत. जथा कोठे थांबवावा, याचे उत्तर डोंगराच्या या घडणीतच आहे. प्रत्येक खड्या टप्प्याच्या खाली व वर, मोकळ्या जागी थांबावे. मध्ये कोठेही थांबू नये.

तीन देवालये

कळसूबाईच्या माथ्यावर देवीचे लहानसे देऊळ आहे. या देवीविषयी प्रचलित असलेली कथा मोठी हृद्य आहे. कळसू नावाची एक कोळी समाजातील मुलगी पायथ्याच्या गावी एका घरी कामाला राहिली. भांडी घासणार नाही व केर काढणार नाही, अशी तिची अट होती. पुढे एके दिवशी तिला नेमकी तीच कामे सांगण्यात आली. तिने ती केली आणि ती डोंगर चढून गेली, ती परत आलीच नाही. एका कष्टकरी मुलीला राज्यातील सर्वोच्च माथ्यावर देवीचे स्थान लाभले आहे. नवरात्रात येथे मोठी यात्रा भरते. पायथ्याचे बारी गाव घोटी-भंडारदरा मार्गावर असून तेथून माथ्यापर्यंत आठशे मीटरांहून अधिक चढ चढावा लागतो.

दुसरे देवालय रतनवाडीचे अमृतेश्वर. भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी, रतनगडाच्या पायथ्याशी हे प्राचीन शिवमंदिर उभे आहे. विल्सन धरण या नावाने ओळखले जाणारे भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले. मंदिराच्या शिखरावरील बारीक कोरीव काम, आतील स्तंभ आणि जवळची देवकोष्ठांनी युक्त पुष्करणी पाहण्यासाठी घाई न करता किमान एक तास राखून ठेवणे इष्ट होय. येथे चढ नाही. म्हणून दोन चढणींच्या मध्ये विसाव्याचे स्थान या दृष्टीने अमृतेश्वराचे महत्त्व विशेष आहे.

तिसरे स्थान हरिश्चंद्रगड. तारामती, रोहिदास व हरिश्चंद्र अशी येथील शिखरांची नावे असून गडाची उंची सुमारे १,४२५ मीटर आहे. गडावर हरिश्चंद्रेश्वराचे कातळात व चिऱ्यांत घडविलेले मंदिर, पुष्करणी, लेणी आणि केदारेश्वराची गुहा आहे. या गुहेत थंडगार पाण्याने वेढलेले भव्य शिवलिंग असून त्याभोवतीच्या चार खांबांपैकी आज एकच अखंड उभा आहे. योगी चांगदेवांनी येथे तपश्चर्या केली व ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ रचला, असे मानले जाते. गडाच्या पश्चिमेस प्रसिद्ध कोकणकडा आहे. कर्नल साइक्स यांनी १८३५ साली येथे वर्तुळाकार इंद्रधनुष्य, म्हणजेच इंद्रवज्र पाहिल्याची नोंद आहे. गडावर येणाऱ्या वाटांपैकी पाचनईची वाट तुलनेने सोपी आहे. खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे येणारी वाट लांबची असून नळीची वाट केवळ प्रशिक्षित गिर्यारोहकांसाठीच आहे. मिश्र वयाच्या जथ्याने पाचनईचीच वाट धरावी.

उलट क्रमाने वेळेची गणना

सर्वसाधारणपणे यात्रेचा कार्यक्रम निघण्याच्या वेळेपासून आखला जातो. डोंगरावरील यात्रा मात्र सूर्यास्तापासून मागे मोजत आखली पाहिजे. हिवाळ्यात सायंकाळी सहाच्या सुमारास अंधारू लागते. जथ्यातील शेवटची व्यक्ती साडेचारपर्यंत पायथ्याशी पोहोचली पाहिजे, असे प्रथम ठरवावे. उरलेला दीड तास ही राखीव वेळ होय. पाय मुरगळणे, वाट चुकणे किंवा एखाद्याला भोवळ येणे यांसाठीच ती असते. दर्शनासाठी किंवा छायाचित्रांसाठी ती खर्च करावयाची नसते.

हरिश्चंद्रगडाचे उदाहरण घेऊ. पाचनईस उतरण्यासाठी अडीच तास धरल्यास मंदिरापासून दुपारी दोन वाजता निघावे लागेल. सवयीचा माणूस अडीच तासांत चढतो. परंतु गणना सावकाश चालणाऱ्याच्या वेगाने करावयाची असल्याने साडेतीन तास धरावेत. सकाळी आठ वाजता पायथा सोडल्यास साडेअकरा वाजता मंदिर गाठता येते आणि पूजा, भोजन व परिसरदर्शन यांसाठी अडीच तास मिळतात. या वेळेत हरिश्चंद्रेश्वर, केदारेश्वर व कोकणकडा सावकाश पाहून होतात. तारामतीचा माथा सर्वांनी गाठलाच पाहिजे असा आग्रह धरल्यास मात्र ही गणना कोलमडते.

याच रीतीने शनिवारी बारीहून सकाळी साडेसहाला निघणारा जथा साडेदहाच्या सुमारास कळसूबाईच्या माथ्यावर पोहोचेल, साडेअकराला परत फिरेल आणि अडीचपर्यंत गावात येईल. भोजनोत्तर वाहनाने शेंडीमार्गे रतनवाडीस जाऊन दिवस मावळण्यापूर्वी अमृतेश्वराचे दर्शन घेता येते. मुक्काम तेथे अथवा शेंडी येथे करून रविवारी पहाटे राजूरमार्गे पाचनईकडे निघावे. शनिवारी उतरण्यास चार वाजून गेले, तर दुसऱ्या दिवशीचा गड वगळावा, असा नियम निघण्यापूर्वीच सर्वसंमतीने करून ठेवावा. माथ्यावर उभे राहून घेतलेला निर्णय उत्साहाच्या भरात घेतला जातो. घरी घेतलेला निर्णय विचाराने घेतला जातो. एक देवालय राहिले म्हणून यात्रा खंडित झाली, असे मानण्याचे कारण नाही.

दिंडीचा आदर्श

सामुदायिक पदयात्रेचे शास्त्र महाराष्ट्राला नवीन नाही. पंढरीच्या वारीने ते कित्येक पिढ्या जोपासले आहे. दिंडीत पताका पुढे असते, टाळकरी ओळीने चालतात, विणेकरी आपले स्थान सोडत नाही आणि चोपदार सर्वांवर लक्ष ठेवतो. पालखी तळावर पोहोचली की समाजआरती होते. चोपदाराने दंड उंचावून हाक देताच हजारो टाळ एका क्षणात शांत होतात. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्याकडे जाऊन तक्रार ऐकतो. हरवलेल्या व सापडलेल्या वस्तूंची घोषणाही त्याच वेळी होते. ज्याला काही सांगावयाचे आहे त्याचा आवाज सर्वांना ऐकू यावा, म्हणून इतरांनी शांत राहावे, हे या पद्धतीतील मर्म होय.

डोंगरावर नेमकी याच गोष्टीची उणीव भासते. धाप लागलेला गृहस्थ, गुडघा दुखणारी आजी किंवा शिडीला घाबरलेली मुलगी सर्वांचा खोळंबा होईल म्हणून गप्प राहते. पुढे गेलेले तरुण एखाद्या झाडाखाली थांबतात आणि मागचे येऊन पोहोचताच पुन्हा उठून चालू लागतात. परिणामी ज्यांना विश्रांतीची सर्वाधिक गरज असते, त्यांनाच ती मिळत नाही. यावर उपाय सोपा आहे. विश्रांतीची वेळ शेवटचा माणूस येऊन बसल्यापासून मोजावी आणि निघण्यापूर्वी प्रमुखाने प्रत्येकास नावाने विचारावे. सर्वांना मिळून ‘सगळे ठीक ना?’ असे विचारल्यास ‘हो’ असेच उत्तर येते. नावाने विचारल्यास खरे उत्तर मिळण्याचा संभव अधिक असतो.

जथ्याची रचना पुढीलप्रमाणे असावी. तीस जणांचा जथा असल्यास त्याच्या दहा-दहांच्या तीन तुकड्या कराव्यात. प्रत्येक तुकडीस एक पुढारी व एक पिछाडीचा माणूस असावा. पुढाऱ्याच्या पुढे कोणी जाऊ नये व पिछाडीच्या माणसामागे कोणी राहू नये. पिछाडीस सर्वांत अनुभवी व शांत स्वभावाची व्यक्ती असावी, कारण अडचणीचा प्रसंग बहुधा तेथेच उद्भवतो. सावकाश चालणाऱ्यांना पुढाऱ्याच्या लगतच ठेवावे, म्हणजे वेग आपोआप त्यांच्या बेताने राहतो. प्रत्येक थांब्यावर शिरगणती करावी. जो कोणी परत फिरू इच्छील, त्याच्यासोबत किमान एक जाणती व्यक्ती द्यावी. कोणासही एकट्याने खाली पाठवू नये.

मांढरदेवचा धडा

गर्दीच्या दिवशी शिस्तीचे महत्त्व किती, हे सातारा जिल्ह्यातील मांढरदेव येथील दुर्घटनेने दाखवून दिले आहे. २५ जानेवारी २००५ रोजी, शाकंभरी पौर्णिमेच्या यात्रेत, काळूबाईच्या मंदिराकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन अडीचशेहून अधिक भाविकांना प्राण गमवावे लागले. नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या, भाविक घसरून एकमेकांवर पडले आणि पुढे दुकानांना आगही लागली. डोंगरावरील देवस्थानी बाजूला सरकण्यास जागा नसते; त्यामुळे एकाचा तोल गेला की मागच्या सर्वांचा जातो.

नवरात्रात कळसूबाईच्या शिड्यांवर आणि महाशिवरात्रीस हरिश्चंद्रगडावर अशीच दाटी होण्याचा संभव असतो. लहान मुले व वृद्ध यांच्यासह जाणाऱ्या जथ्याने हे दिवस शक्यतो टाळावेत. शिडीवर एका वेळी मोजकीच माणसे असावीत. उतरताना तोंड शिडीकडे करावे. दोन्ही हात मोकळे असावेत. पूजेचे ताट, पाण्याची बाटली, भ्रमणध्वनी हे सर्व पाठीवरील पिशवीत ठेवावे. नारळ माथ्यावर ठरलेल्या जागीच फोडावा. वाटेवर वा पायरीवर फोडू नये.

आरोग्य व ऋतुमान

अशा पदयात्रेस नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वाधिक अनुकूल होय. पावसाळ्यात हा प्रदेश नयनरम्य दिसतो. परंतु धुक्यात वाट दिसत नाही, शेवाळामुळे कातळ निसरडा होतो आणि कोरडा ओढा तासाभरात दुथडी भरून वाहू लागतो. पाणी वाढलेला ओढा ओलांडण्याचा प्रयत्न करू नये. पाऊस थांबल्यावर तो पुष्कळदा लवकर उतरतो, तोवर थांबावे. ढगांचा गडगडाट ऐकू येताच माथा, एकाकी झाडे व लोखंडी शिड्या यांपासून दूर व्हावे. उन्हाळ्यात चढण सकाळी नऊपूर्वी संपवावी.

प्रत्येकाने किमान तीन लिटर पाणी जवळ बाळगावे. उपवास करून चढणाऱ्यांची संख्या अशा यात्रेत मोठी असते. मधुमेह व रक्तदाब असणाऱ्यांनी त्याविषयी वैद्यकीय सल्ला घ्यावा, औषधे स्वतःजवळ ठेवावीत व तुकडीच्या पुढाऱ्यास त्याची कल्पना द्यावी. अनवाणी चालण्याचा नवस असल्यास तो देवळाच्या आवारात फेडावा. वाटेवर पकड असलेली व सवयीची पादत्राणेच वापरावीत. केदारेश्वराचे पाणी अतिशय थंड असते, म्हणून हृदयविकार असणाऱ्यांनी बाहेरूनच दर्शन घ्यावे. कोकणकड्याच्या काठापासून अंतर राखावे. कड्यांवर मधमाश्यांची पोळी असतात. धूर व कर्कश आवाज यांनी त्या खवळतात, हे लक्षात घेऊन कड्याखाली जाळ करू नये. आणीबाणीत ११२ हा क्रमांक व रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक उपलब्ध आहे. तथापि दऱ्याखोऱ्यांत दूरध्वनीची लहर सर्वत्र पोहोचत नाही. यास्तव जथ्याची नावे, वाट व परतीची वेळ पायथ्याच्या गावातील जबाबदार व्यक्तीजवळ लिहून द्यावी. तेथूनच मदत सर्वांत लवकर पोहोचू शकते.

यजमान गावे

ही देवालये ज्या गावांच्या कुशीत आहेत, त्या गावांतून प्रामुख्याने महादेव कोळी व ठाकर समाजाची वस्ती आहे. भात, नागली व वरई ही येथील पिके. देशी बियाण्यांच्या जतनाबद्दल पद्मश्रीने गौरविल्या गेलेल्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या. यात्रेकरूंनी शिधा शहरातून बांधून आणण्याऐवजी आगाऊ सूचना देऊन गावातच पिठले-भाकरीची व्यवस्था करावी आणि वाटाड्याही गावातलाच घ्यावा. त्यायोगे गावात चार पैसे राहतात, शिवाय ज्याला धुक्यातही वाट ठाऊक आहे असा सोबती लाभतो. वाटाड्याने परत फिरण्यास सांगितल्यास त्याचा शब्द अखेरचा मानावा.

कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली स्थापन झाले. अभयारण्यात वृक्ष तोडणे, शेकोटीसाठी ओली लाकडे काढणे, ध्वनिवर्धक लावणे या गोष्टी वर्ज्य होत. अमृतेश्वराचे मंदिर केंद्रीय पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहे. त्याच्या शिल्पांवर शेंदूर वा रंग लावणे, नावे कोरणे हा अपराध आहे. राज्यात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने एकदाच वापरावयाच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी घालण्यात आली आहे. डोंगरावर कचरा उचलणारी गाडी येत नाही. जे वर नेले ते खाली आणलेच पाहिजे. निर्मल्यही यास अपवाद नाही. गडावरील टाक्यांत हातपाय धुऊ नयेत, साबण तर मुळीच वापरू नये. उन्हाळ्यात वन्यप्राणी, गुराखी व मागाहून येणारे यात्रेकरू या सर्वांचा आधार तेच पाणी असते.

सारांश, डोंगरमाथ्यावरील यात्रेची सफलता किती माथे गाठले यावर मोजता येणार नाही. जथ्यातील सर्वांत सावकाश चालणाऱ्यास आपण इतरांना भार झालो असे वाटले नाही, पायथ्याच्या गावास पाहुणे पुन्हा यावेत असे वाटले आणि सूर्यास्तापूर्वी शेवटची शिरगणती पुरी भरली, तर ती यात्रा पूर्ण झाली असे समजावे. दोन दिवसांची सुटी घेऊन निघणाऱ्या प्रत्येक मंडळाने आपला प्रमुख, आपला पिछाडीचा माणूस व परत फिरण्याची वेळ या तीन गोष्टी घर सोडण्यापूर्वीच निश्चित कराव्यात.